रांग इथे संपते

ओसाकाच्या जागतिक प्रदर्शनाबद्दल आयोजक पहिल्यापासून एक गोष्ट मोठ्या अभिमानाने सांगत होते : इथे रांगा नसतील. सगळं आरक्षण आधी होणार, मोबाइलवर होणार. माणसाने ठरल्या वेळेला यायचं, क्यूआर कोड दाखवायचा, दालन बघायचं आणि पुढच्या दालनाकडे वळायचं. ही कल्पना ज्या कुणाच्या डोक्यातून निघाली, त्याला यंत्रांचा दांडगा अनुभव असावा. माणसांशी फारसा संबंध आला नसावा. कारण रांग नाही असं कळल्यावर माणूस पहिल्यांदा काय करतो, तर इतरांच्या आधी पोहोचलेलं बरं म्हणून घरून तासभर लवकर निघतो. असे लाखभर लोक एकाच सकाळी लवकर निघाले की जे तयार होतं, त्याला दुसरं नाव शोधून ठेवायचं आयोजकांच्या लक्षात राहिलं नाही.

१३ एप्रिल २०२५ ला प्रदर्शन उघडलं. त्या दिवशी पाऊस होता आणि फाटकापाशी इतकी माणसं एकदम मोबाइल काढून उभी राहिली की नेटवर्कच बसलं. कोड उघडेनात. मग लोकांना सांगण्यात आलं, की शक्य असेल तर कोड कागदावर छापून आणा. ही बातमी आमच्याकडे पुण्यात सकाळच्या चहाबरोबर आली आणि ह्यांचा चेहरा असा उजळला की मला वाटलं महागाई भत्त्याचा फरक जमा झाला.

“बघ! शेवटी झेरॉक्सच!”

ह्यांची अख्खी नोकरी सरकारी कचेरीत गेली. निवृत्त झाले तरी झेरॉक्सवरची श्रद्धा अढळ आहे. त्यांनी त्याच दिवशी पासपोर्ट, व्हिसा आणि अजून काढलेलीही नव्हती त्या तिकिटांच्या झेरॉक्ससाठी म्हणून एका कोऱ्या फोल्डरच्या तयारीला सुरुवात केली.

आमची लेक आणि जावई कोबेला असतात. लेकीने व्हिडिओ कॉलवर सगळी पद्धत समजावून सांगितली. तिकीट घ्यायचं, ते वेगळं. त्या तिकिटावर यायचा दिवस, वेळ आणि फाटक ठरवायचं, ते वेगळं. मग दालनांसाठी दोन महिने आधी एक सोडत, सात दिवस आधी दुसरी सोडत, तीन दिवस आधी मध्यरात्री उरलेल्या जागांवर जो पहिला हात मारेल त्याला, आणि प्रत्यक्ष आत गेल्यावर दहा मिनिटांनी त्या दिवसापुरती नोंदणी.

“म्हणजे म्हाडासारखं,” हे म्हणाले.

“बाबा, म्हाडात नंबर लागला की घर मिळतं. इथे नंबर लागला की वीस मिनिटांची फिल्म मिळते.”

“आणि नाही लागला तर?”

“तर रांग.”

“पण रांग नाही म्हणाले ना?”

लेकीने उत्तर दिलं नाही. जपानमध्ये राहून ती बरीच शांत झाली आहे.

एका दिवसाचं तिकीट ७,५०० येन, म्हणजे आपले चार-साडेचार हजार. ह्यांनी तत्काळ ज्येष्ठ नागरिकांच्या सवलतीची चौकशी केली. तशी सवलत नव्हती. चार वर्षांच्या पोराला वेगळा दर, बारा वर्षांच्याला वेगळा. एकदा अठरा पूर्ण झाली की सगळे एका पंगतीत. हे म्हातारपणाचा अपमान झाल्यासारखे गप्प बसले. मी म्हटलं, “अहो, त्या देशात ज्येष्ठांना सवलत दिली तर पैसे देणारं राहील कोण?”

सोडतीत पाच पसंतीक्रम भरता यायचे. घरात माणसं चार आणि पसंती पाच, तेव्हा भांडणाला भरपूर जागा होती. जावईबापूंना गंडमचं दालन हवं होतं. गंडम म्हणजे कार्टूनमधला एक अवाढव्य यंत्रमानव, आणि त्याच्यासाठी चाळिशीतले टक्कल पडलेले गृहस्थ डोळ्यांत पाणी आणतात. लेकीला जपानचं दालन हवं होतं, कारण तिथे मंगळावरून आलेली उल्का ठेवली होती. ह्यांनी मात्र सगळा अभ्यास करून एकच हट्ट धरला : माणूस धुण्याचं यंत्र.

हे मी रचून सांगत नाही. ओसाकाच्या स्वतःच्या आरोग्य-दालनात असं यंत्र होतं. माणसाने आत आडवं व्हायचं, झाकण लागतं, बारीक बारीक बुडबुडे येतात आणि पंधरा मिनिटांत माणूस धुऊन, वाळवून बाहेर. १९७० साली याच ओसाकात जागतिक प्रदर्शन भरलं होतं, तेव्हा सान्यो कंपनीने असंच यंत्र मांडलं होतं. ५५ वर्षांनी ते सुधारून पुन्हा आलं. आता ज्या माणसाला आंघोळीला उठवण्यासाठी रोज सकाळी हाकांवर हाका माराव्या लागतात, बादलीतलं पाणी ज्याची वाट बघून गार होतं, तो माणूस सव्वासहा हजार किलोमीटरवर जाऊन आंघोळ करण्यासाठी लॉटरी भरत होता. मी काही बोलले नाही. लागली तर लागली, असा माझा त्यात स्वार्थ होता.

चौघांचा अर्ज एकत्र करायचा तर प्रत्येकाच्या तिकिटाचा क्रमांक जोडावा लागायचा. तो क्रमांक म्हणजे इंग्रजी अक्षरं आणि आकडे यांची मिसळ. हे फोनवर वाचून दाखवायचे, लेक लिहून घ्यायची.

“ओ.”

“शून्य की ओ, बाबा?”

“गोल.”

“दोन्ही गोलच असतात.”

“हा जरा उभट गोल आहे.”

शिवाय खात्यात शिरताना ईमेलवर सांकेतिक आकडा यायचा. ह्यांचा ईमेल आहे. पण त्याचा पासवर्ड ह्यांना ठाऊक नाही. तो कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याच्या मुलाला ठाऊक आहे, कारण त्यानेच तो उघडून दिला होता. त्यामुळे जपानी सोडतीची चक्रं सुरू झाली की आमच्या गल्लीतला एक पोरगा रिक्षाचे लायसन्स स्कॅन करता करता ओरडायचा, “काका, आकडा आला! लवकर सांगा, दहा मिनिटांत मरतो तो!”

मग निकाल आला. जपानी माणूस नकार देतो तो वाचण्यासारखा असतो. लेकीने मजकुराचा मराठी अर्थ सांगितला. आपण अर्ज केलात याबद्दल मनःपूर्वक आभार, आपल्या अपेक्षेला उतरता आलं नाही याबद्दल दिलगिरी, पुढल्या सोडतीत आपण जरूर भाग घ्यावा ही विनंती. आयुष्यात इतक्या आदराने मला कुणी ‘नाही’ म्हटलेलं नाही. ह्यांनी ते पत्र छापून फोल्डरमध्ये लावलं.

“हे कशाला?”

“असू दे. अर्ज केल्याचा पुरावा.”

सात दिवस आधीच्या सोडतीतही तीच आदरपूर्वक वासलात लागली. राहता राहिली ती मध्यरात्रीची शर्यत. जपानच्या मध्यरात्रीचे बारा म्हणजे आपल्याकडचे साडेआठ. आता मराठी घरात साडेआठला काय चालू असतं, हे जपान्यांना माहीत असतं तर त्यांनी वेळ बदलली असती. एका बाजूला टीव्हीवरच्या मालिकेत सासूने सुनेच्या दुधात काहीतरी कालवलेलं, दुसऱ्या बाजूला अर्ध्या भरलेल्या बॅगा, आणि मध्ये हे, चष्मा कपाळावर, मोबाइल नाकाशी. लेकीने बजावून सांगितलं होतं, “बाबा, मी करते. तुम्ही कशालाही हात लावू नका.” पण ज्याने आयुष्यभर एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरल्या, तो माणूस दुसऱ्याच्या भरवशावर कसा बसणार?

साडेआठला पडद्यावर एक पाटी आली, की तुम्ही रांगेत आहात आणि तुमच्यापुढे अमुक इतकी माणसं आहेत. आकडा पाच आकडी होता. म्हणजे रांग नाही म्हणाले होते ते अगदी खोटं नव्हतं. ती फक्त समुद्रापलीकडे आमच्या बैठकीच्या खोलीत आणून बसवली होती.

“अगं, एवढी माणसं! ही झोपत नाहीत का?” हे फोनवर ओरडले.

“बाबा, तुम्ही पण त्यांच्यातच आहात. आधी बाहेर पडा, एक माणूस तरी कमी होईल!”

या रांगेतली ह्यांची खरी पंचाईत वेगळीच होती. तिच्यात पुढचा माणूस दिसत नाही. त्याला ‘अहो, जरा लक्ष ठेवा, आलोच’ म्हणता येत नाही. चप्पल, पिशवी किंवा नातू यांपैकी काहीही आपल्या जागी उभं करता येत नाही. आणि सर्वांत वाईट म्हणजे, खिडकीपलीकडे कुणी बसलेलंच नाही, की ज्याला आपल्या साडूचं नाव सांगावं. अर्ध्या तासाने ह्यांचा नंबर आला तेव्हा गंडम संपला होता, उल्का संपली होती, आंघोळ तर केव्हाच संपली होती. शिल्लक होतं एका देशाचं संध्याकाळी सहाचं दालन. त्या देशाचं नाव सांगत नाही. आपल्या परराष्ट्र खात्याला उगाच त्रास नको. ह्यांनी ते घेतलं. घेतल्यावर जगाच्या नकाशात तो देश शोधला.

आम्ही गेलो तो सप्टेंबर होता. तोवर गंमत अशी झाली होती, की लोकांकडे तिकिटं होती पण यायला तारीख मिळत नव्हती. आमची तारीख लेकीने फार आधी पकडून ठेवलेली. आमची प्रवेशाची वेळ दहाची. जावई म्हणाले, “आई, साडेआठला तिथे पोहोचू.” ह्यांनी जावयाकडे पहिल्यांदाच खऱ्या आपुलकीने पाहिलं.

प्रदर्शन युमेशिमा नावाच्या बेटावर, समुद्रात भर घालून केलेल्या. तिथवर मेट्रो नव्यानेच नेलेली. स्टेशनाचा जिना चढून वर आलं की समोर थेट माणसांचा समुद्र. दहाची वेळ असलेले, अकराची वेळ असलेले आणि काही असे, की ज्यांची वेळ बाराची होती पण घरी करमत नव्हतं. बहुतेकांकडे घडीची छोटी स्टुलं. रांग थांबली की सगळे एकदम बसायचे, सरकली की एकदम उठायचे, दोन पावलं जायचे, पुन्हा बसायचे. कुणी कुणाला ढकलत नव्हतं. कुणी भांडत नव्हतं. ह्यांना ते फार जड गेलं. रांगेत एवढा वेळ उभं राहून एकदाही ‘ओ मिस्टर, रांगेत या’ म्हणायची संधी मिळू नये, म्हणजे वेळ फुकटच गेला.

विमानतळावर होते तशी तपासणी झाली, कोड दाखवला (मोबाइलवर, झेरॉक्सकडे त्या मुलीने फक्त कौतुकाने पाहून मान लववली), आणि आत शिरलो. शिरल्या शिरल्या कर्मचारी ओरडून विनवत होते : धावू नका. लोकांनी अक्षरशः ऐकलं. कुणी धावत नव्हतं. दोन्ही पाय एकदम जमिनीवरून सुटू न देता जितक्या वेगाने जाता येईल तितक्या वेगाने हजारो माणसं कमरेत हेलकावे देत चालली होती. साठीच्या पुढची एक बाई, डोक्यावर रुंद काठाची टोपी, माझ्या डाव्या बाजूने ‘सुमिमासेन’ (माफ करा) म्हणत गेली आणि मी मान वळवेपर्यंत दिसेनाशी झाली.

मग दहा मिनिटं झाली आणि एक दृश्य दिसलं. सगळे थांबले. त्या दिवसाची नोंदणी आता उघडणार होती. डोक्यावर ते प्रसिद्ध लाकडी वर्तुळ : वास्तुरचनाकार सोऊ फुजिमोतोंनी आखलेलं, घेर दोन किलोमीटर, बाहेरच्या बाजूला वीस मीटर उंच, जगातली सर्वांत मोठी लाकडी वास्तू म्हणून गिनेसमध्ये नोंद झालेली. तुळईत तुळई गुंतवत वर गेलेलं ते लाकूड, सकाळचं तिरपं ऊन फटींतून खाली आलेलं. आणि त्याच्याखाली हजारो माणसं माना खाली घालून अंगठे चालवत होती. वर बघायला एकालाही फुरसत नव्हती. मीही पाहिलं नाही. माझ्या पडद्यावर एक दालन मोकळं दिसत होतं. बोट लावेपर्यंत त्यावर फुली आली.

तेवढ्यात हे नाहीसे झाले. शोधलं तर एका लांबलचक रांगेत उभे, पुढच्या माणसाच्या मानेकडे समाधानाने बघत.

“अहो, ही कसली रांग?”

“माहीत नाही. पण एवढी आहे म्हणजे आत काहीतरी असणारच.”

लेकीने पुढे जाऊन चौकशी केली. ज्यांना मोबाइलवर जमत नाही त्यांच्यासाठी नोंदणीची यंत्रं ठेवली होती, त्या यंत्रांची ती रांग. म्हणजे रांगेत उभं राहावं लागू नये म्हणून जी नोंदणी करायची, तिच्यासाठी रांग. ह्यांना हे ऐकून धक्का वगैरे बसला नाही. “बरोबर आहे,” म्हणाले, “आमच्याकडेही टोकनची रांग वेगळी असायची.”

दुपारपर्यंत आम्ही ज्यांना आरक्षण लागत नाही अशा दालनांकडे मोर्चा वळवला. इथे खरी विद्या पणाला लागायची. इटलीच्या दालनात कॅराव्हाजिओचं चित्र आणि खांद्यावर आकाशाचा गोल पेलणारा संगमरवरी ॲटलस होता, त्यामुळे त्या रांगेत लोक सकाळी शिरायचे ते दुपारी बाहेर पडायचे. ॲटलसला निदान गोल पेलायला दोन हात तरी मोकळे होते. रांगेतल्यांच्या एका हातात छत्री, दुसऱ्यात पंखा. अशा रांगांच्या टोकाला एक मुलगा फलक घेऊन उभा असायचा : रांग इथे संपते. रांग फार वाढली की दुसरा फलक यायचा : रांग तूर्त बंद. आणि वर सूचना, की रांग उघडेल म्हणून इथे थांबू नका.

आता थांबू नका म्हटल्यावर थांबायचं कसं, हे मी एका दालनासमोर जवळून पाहिलं. साधारण शंभर-दीडशे माणसं तिथे होती आणि त्यांतलं कुणीही थांबलेलं नव्हतं. एक जोडपं झाडाचं निरीक्षण करत होतं. झाड नुकतंच लावलेलं, गुडघ्याएवढं. दोन मुली पेयांच्या यंत्रातली प्रत्येक बाटली बाहेरून वाचत होत्या. एक आजोबा वाकून बुटाची नाडी बांधत होते. त्यांच्या बुटाला नाडी नव्हती. ह्यांनी क्षणात परिस्थिती ओळखली आणि कचऱ्याच्या डब्यांचे फोटो काढायला सुरुवात केली. प्लास्टिक वेगळं, कागद वेगळा, उरलेलं पेय ओतायचं भोक वेगळं, वेगवेगळ्या कोनांतून. फलकवाल्या मुलाने नुसतं वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर घेतलं, तरी दीडशे माणसांच्या अंगातून शिरशिरी जायची. त्याने एकदा नाक पुसायला हात वर केला, तर आजोबा नाडीसकट उभे राहिले.

अखेर त्याने फलक फिरवला. ना आरडाओरडा, ना धक्काबुक्की, अर्ध्या मिनिटात रांग तयार! हे सगळ्यांत आधी उडी मारून फलकवाल्या मुलाच्या अगदी पुढ्यात जाऊन उभे राहिले, विजयी मुद्रेने. मुलाने अदबीने मान लववली आणि हात पूर्वेकडे केला. रांग त्याच्या पाठीमागून, कुंपणाला वळसा घालून सुरू झाली होती. तिचं शेपूट कुठच्या कुठे गेलं होतं. तिकडे पोहोचेपर्यंत फलक पुन्हा फिरला. रांग तूर्त बंद.

“ओळख नाही ना आपली इथे,” हे पुटपुटले. “नाहीतर मागच्या दाराने...”

लेक म्हणाली, “बाबा, शांघायला २०१० मध्ये लोक धडधाकट असून चाकाच्या खुर्चीत बसून यायचे म्हणे, अपंगांच्या रांगेतून पटकन सोडतात म्हणून.”

ही माहिती तिने द्यायला नको होती. ह्यांनी वळून माझ्या गुडघ्यांकडे पाहिलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण माझ्या गुडघ्यांकडे त्यांनी एवढ्या आशेने कधी पाहिलं नव्हतं.

खरं तर हा रोग जपानी नाही, आजचाही नाही. शांघायच्या त्या प्रदर्शनाला ७ कोटी ३० लाख लोक आले होते आणि सौदी अरबस्तानच्या दालनासमोर आठ-आठ तासांच्या रांगा लागायच्या. १९७० च्या ओसाकाला ६ कोटी ४२ लाख. तेव्हा अमेरिकेच्या दालनात चंद्रावरून आणलेला दगड होता. तो बघायला लोक तासन्‌तास उभे राहिले आणि दगडासारखा दगड बघून घरी गेले. ५ सप्टेंबर १९७० या एका दिवशी तर ८ लाख ३५ हजारांवर माणसं आत शिरली आणि कित्येकांना रात्री घरी जाताच आलं नाही. त्याच्याही मागे जायचं तर १८५१ मधलं लंडनच्या क्रिस्टल पॅलेसचं प्रदर्शन. साठ लाखांवर लोक आले. आपला कोहिनूर तिथे सोनेरी पिंजऱ्यात ठेवला होता. लोकांनी झुंबड करून तो पाहिला आणि ‘एवढाच होय?’ म्हणून नाकं मुरडली, कारण तो पुरेसा चमकत नव्हता. राणीच्या यजमानांच्या ते मनाला लागलं असावं. पुढल्याच वर्षी त्यांनी तो पुन्हा घासूनपुसून, कापून घेतला. त्याच प्रदर्शनात एक पेनी देऊन वापरायची स्वच्छतागृहं होती, आणि ती वापरणाऱ्यांचा आकडा ८,२७,२८० असा नोंदलेला आहे. तिथून नाक मुरडत कुणी बाहेर पडल्याची नोंद नाही.

जेवणाच्या वेळी ह्यांनी बनियनच्या खिशातून येनच्या नोटांचं पाकीट काढलं. आत कुठेही रोख चालत नव्हतं. पैसे असून उपाशी राहायची ही वेळ जावयाच्या मोबाइलमुळे टळली. पण सासऱ्याने जावयाच्या पैशाने जेवायचं म्हणजे ह्यांच्या घशाखाली घास उतरेना. शेवटी त्यांनी नोटा जबरदस्तीने जावयाच्या बॅगेत कोंबल्या. जावयाने त्या गुपचूप माझ्या पर्समध्ये ठेवल्या. माझ्यापुरता तो दिवसातला सर्वांत फायदेशीर व्यवहार.

दुपारी भारताच्या दालनात गेलो. ते बिचारं थोडं उशिराने, १ मेला उघडलं होतं. आपली वेळेची परंपरा आपणच सांभाळायला हवी. दर्शनी भाग अजिंठ्याच्या पद्मपाणीवरून घेतलेला. ह्यांनी त्याच्यासमोर उभं राहून माझ्याकडून फोटो काढून घेतले. एका जपानी बाईने मोडक्या इंग्रजीत विचारलं, “हे तुमच्या गावाकडचं?”

“येस, येस! अवर महाराष्ट्र!”

“तुम्ही पाहिलंय? खरं?”

हे चाचरले. पुण्याहून रात्रीची एसटी पकडली तर दुसऱ्या दिवशी अजिंठ्याला पोहोचता येतं. गेली कित्येक वर्षं आम्ही ‘यंदा दिवाळीनंतर नक्की’ म्हणतोय. बाई म्हणाली, मी दोनदा जाऊन आलेय, १ नंबरच्या लेण्यात अंधार असतो, टॉर्च न्यायचा. ह्यांनी तिला ‘थँक यू’ म्हटलं.

या गर्दीत एक वेगळीच जमात भेटली. त्यांच्या गळ्यात एक छोटी वही, पासपोर्टसारखी. प्रत्येक दालनाचा एक शिक्का असायचा, तो तिच्यात मारायचा. काही दालनांनी शिक्का बाहेरच ठेवलेला, म्हणजे आत जायचीही गरज नाही. अशाच एका ठिकाणी एक काकू फटाफट शिक्का मारून, फुंकर घालून, वही मिटून निघाल्या. लेकीने सहज विचारलं, “आत कसं आहे?”

त्या दचकल्या. “आत? वेळ कुठेय? अजून अख्खा आफ्रिका खंड राहिलाय!”

ऐकून मला हसू आलं. पाचव्या मिनिटाला मी वही विकत घेण्याच्या रांगेत होते.

संध्याकाळी सहाला आमचं एकमेव रीतसर आरक्षण. त्या नाव न सांगितलेल्या देशाच्या दारात आम्ही ऐटीत गेलो. बाजूला बिनआरक्षणाची मंडळी उभी होती. त्यांच्यासमोरून कोड दाखवून थेट आत जाताना ह्यांनी चाल मुद्दाम मंद केली. तेवढ्या दहा पावलांत त्यांचे तिकिटाचे सगळे पैसे वसूल झाले. आत अंधार होता. मोठा पडदा होता. पाण्याचा एक थेंब पडला, त्यातून पृथ्वी झाली. मग एक लहान मुलगी गवतातून हात फिरवत चालली. भविष्य, पाणी, आपण सारे एक, असं कुणीतरी कुजबुजलं. दिवे लागले. जावई म्हणाले की दुपारच्या दालनातही असाच थेंब होता, फक्त मुलगी वेगळी. हे म्हणाले, “थंडगार होतं पण आत.” आणि खरोखर, दिवसभरात एसीत बसायला मिळालं ते तिथेच.

नंतर आम्ही त्या लाकडी वर्तुळावर चढलो. तिथे आरक्षण नाही, कोड नाही, रांग नाही. खाली समुद्र, वर झुळूक, सगळी दालनं पायाशी दिव्यांनी लखलखलेली. दिवसातली सर्वांत सुंदर जागा. हे पाच मिनिटांत चुळबुळू लागले. “फुकट आहे, कुणालाही सोडतात. यात काय बघायचं?”

तिथे बसून जावयांनी ऑगस्टमधली हकिगत सांगितली. १३ ऑगस्टच्या रात्री मेट्रोची वीज गेली आणि हजारो लोक बेटावरच अडकून पडले. रात्र तिथेच काढावी लागली. आणि मग काही दालनांनी आपण होऊन दारं उघडली : या, बसा, बघा. आरक्षण नाही, सोडत नाही.

हे ताडकन उठून बसले. “कुठल्या तारखेला म्हणालात?”

“तेरा ऑगस्ट.”

ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मंगळागौरीचं जेवण आहे म्हणून ऑगस्टमध्ये निघू नका, असं मीच अडवलं होतं. अडवलं होतं मीच. पण तेव्हा त्या मेट्रोच्या विजेचं मला काय ठाऊक?

परत आल्यावर वाड्यातली मंडळी भेटायला आली. मी चहाबरोबर शिक्क्यांची वही फिरवली. ह्यांनी फोल्डर उघडून आदरपूर्वक नकाराची पत्रं दाखवली. पण खरा रंग भरला तो रांगांच्या वर्णनात. स्टुलं, फलक, वळसे, छत्र्या. नाडी नसलेले आजोबा तर ह्यांनी उभं राहून करून दाखवले.

“इटलीला पाच-पाच तास!” हे म्हणाले. “आणि एक माणूस ढकलत नाही.”

शेजारचे काका चहाचा घोट घेत ऐकत होते. ते दरवर्षी मुंबईच्या एका नवसाच्या गणपतीला जातात.

“पाच? आम्ही यंदा अठरा तास.”

हे थोडे खचले. पण लगेच सावरून म्हणाले, “पण तुमच्या इथे ढकलतात.”

“मग?” काका म्हणाले, “ढकलल्याशिवाय माणूस आत जातो कसा?”